ताईची फाईल

कँपसचा सीझन आला की आमच्या लेडीज होस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर दोन गोष्टींसाठी नंबर लागतात. एक इस्त्री आणि दुसरी आरशासमोरची जागा! ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’चा जप पहाटेपासून चालू. आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना त्याचं टेन्शन नसतं. तीन मिनिटं काय, तीस मिनिटं बोलू. (मराठीतले ऱ्हस्व-दीर्घ मात्र संपादकांवर सोडते.)

माझी रूममेट बी.ई. मेकॅनिकलला, म्हणून मी तिला ताई म्हणते. मराठी शाळा, मग डिप्लोमा, मग डायरेक्ट सेकंड इयर. यंदा दोन कंपन्यांनी तिला ग्रुप डिस्कशनमध्येच बाहेर काढलं. घरी धाकटा भाऊ बारावीत, आणि पास झाल्यावर हिच्या एज्युकेशन लोनचे हप्ते सुरू होणार. त्या रात्री ती मेसला आलीच नाही. दुसऱ्या दिवशी कप्प्यांची एक प्लॅस्टिकची फाईल घेऊन आली.

“अगं, सगळे लिंक देतात, तू फाईल काय देतेस?” मी विचारलं.

“लिंक नंतर बघू म्हणतात. कागद समोर ठेवला की माणूस पान उलटतोच.”

मला वाटलं होतं, आत सर्टिफिकेटं असतील. ती शेवटच्या कप्प्यात! पहिल्या पानावर एका तुटलेल्या ब्रॅकेटचा फोटो. 2007 साली पिथमपूरला सुरू झालेली ‘बाहा’ स्पर्धा आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. तिथे ब्रेक दाबल्यावर चारही चाकं लॉक व्हावी लागतात. ताई ब्रेक टीममध्ये होती. टेस्टिंगच्या वेळी पेडलच्या ब्रॅकेटला वेल्डच्या अगदी कडेला तडा गेला. इतर जण वेल्डरच्या नावाने ओरडत होते, तेव्हा हिने तड्याशेजारी स्टीलची पट्टी धरून फोटो काढून ठेवला. खाली हाताने केलेलं गणित: पायाचा जोर 300 न्यूटन, पेडल रेशो 5:1, म्हणजे मास्टर सिलिंडरवर 1500 न्यूटन. पुढच्या पानावर नवीन ड्रॉइंग: 3 ऐवजी 5 मिलिमीटरची प्लेट आणि एक गसेट.

प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात दोन ओळी, ‘टीमने केलं’ आणि ‘मी केलं’. पंचवीस जणांच्या गाडीचा फोटो पंचवीसही जण दाखवतात, मग समोरच्याने कोणावर विश्वास ठेवायचा? ट्रेनिंगच्या कंपनीचं एकही ड्रॉइंग तिने घातलं नव्हतं. त्यांचं दाखवलं तर उद्या आमचंही दाखवेल, असं कोणालाही वाटणारच. त्याऐवजी काम समजेल असं स्वतःचं साधं स्केच.

तिसऱ्या कंपनीत ग्रुप डिस्कशन नव्हतं. इंटरव्ह्यूमध्ये काय झालं ते ताईने रात्री साग्रसंगीत सांगितलं. सुरुवातीला ती अडखळली. मग फाईल उघडली आणि समोरचे सर पहिल्याच पानावर थांबले. थोड्या वेळाने तेच मराठीवर आले.

“गसेट लावलंत, मग प्लेटही जाड का केलीत? एकाने भागलं नसतं का?”

“भागलं असतं सर. पण स्पर्धेला सहा दिवस होते. दोन्ही वेगवेगळं तपासायला वेळ नव्हता.”

सर हसले म्हणे. पुढची चाळीस मिनिटं त्या एका ब्रॅकेटवरच गेली. सर्टिफिकेटांचा कप्पा कोणी उघडलाच नाही. सोमवारी यादी लागली, त्यात ताईचं नाव आहे. फाडफाड इंग्लिशवाल्या तिघींची नाहीत, हे मी कॉन्व्हेंटवाली असून आनंदाने लिहिते आहे!

पुढच्या वर्षी नंबर आमचा. माझ्या फाईलमध्ये सध्या चारच पानं आहेत आणि त्यातलं एक नुसतं चकचकीत रेंडर. ताईने ते बघून एवढंच विचारलं, “हे बनवलंस कुठे?” तेव्हा मागच्या सेमला वर्कशॉपमध्ये आमचा शीट मेटलचा जॉब वाकला, त्याचे फोटो काढून जे कोणी हसत होते, त्यांनी ते कृपया डिलीट न करता तिसऱ्या मजल्यावर पोहोचवावेत.