अक्षर उमटलं, टक्!

आधी आवाजाबद्दलच सांगते, कारण कालपासून कानात तोच घुमतोय. टक्! कोरडा, स्वच्छ, नेमका. एकेका अक्षरागणिक एकेक टक्. इतकी वर्षं दिवसदिवसभर टाइप करतेय मी, आणि कळ दाबल्यावर बोटाला आतून उत्तर मिळू शकतं हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं!

कीबोर्ड आहे अ‍ॅपल एक्स्टेंडेड कीबोर्ड टू, १९९० साली बाजारात आलेला. एका मित्रानं तो दुरुस्त केला आणि थोडे दिवस वापरायला दिला. लांबरुंद, वजनदार, जोरात टाइप केलं तरी मेजावरून तसूभर हलत नाही. वरच्या कडेला एक सरकपट्टी आहे, ती सरकवली की कीबोर्डची मागची बाजू हवी तेवढी उचलली जाते. अंगाचं प्लॅस्टिक आणि स्पेसबार उन्हानं आणि काळानं पिवळे पडलेत, पण कळा अजून करड्या-पांढऱ्या, कारण त्या पीबीटी नावाच्या वेगळ्या, चिवट प्लॅस्टिकच्या आहेत. अक्षरं कळेच्या मधोमध नाहीत, खाली डाव्या कोपऱ्यात आहेत, किंचित तिरकी, युनिव्हर्स टाइपमध्ये. काय देखणी आहेत! नुसतं बघत बसावं.

पण खरी गंमत आत आहे. आपल्या नेहमीच्या स्वस्त कीबोर्डात प्रत्येक कळेखाली रबराचा एक फुगवटा असतो. तो चेपत चेपत तळाशी गेला की मगच अक्षर उमटतं, आणि बोट दरवेळी तळावर आपटतं. इथे प्रत्येक कळेखाली स्वतंत्र यंत्र आहे: एक सरकता दांडा, एक स्प्रिंग, विद्युतसंपर्काची पट्टी आणि धातूची एक लवचीक पाती. दांडा खाली जाताना पाती दबते, ताणते आणि वाटेत एका क्षणी सटकन सुटून बाजूच्या भिंतीवर आदळते. तोच तो टक्! जवळपास त्याच क्षणी संपर्क जुळतो आणि पडद्यावर अक्षर येतं. कळेचा सगळा प्रवास साडेतीन मिलिमीटरच्या आसपास, आणि काम वाटेतच फत्ते.

मित्र म्हणाला, "तळापर्यंत ढकलू नकोस गं. टक् झालं की सोड."

सोडलं. आणि बोटं उडायला लागली!

कळांखालची ही यंत्रं, म्हणजे स्विचेस, मूळची नाहीत. मूळची जपानच्या आल्प्स कंपनीची होती, आवाज दाबण्यासाठी दांड्याला मऊ गादी लावलेली. पण आल्प्सच्या स्विचांना धुळीचं वावडं. इतक्या वर्षांची धूळ आत गेली की दांडा खरखरतो, अडकतो, आणि पुसून-धुऊन तो पूर्वीसारखा होईलच असं नाही. ती स्विचेस आता बनतही नाहीत. कॅनडातली मटायस कंपनी मात्र त्याच घराण्याची स्विचेस काढते, पारदर्शक कवचाची. त्याच खाचेत बसतात आणि त्याच जुन्या कळा वर चढतात. मित्रानं शंभरावर स्विचांचे दोन-दोन पाय सोल्डर वितळवून मोकळे केले, ते शोषून घेतलं आणि एकेक नवं स्विच बसवलं. अपवाद एकच, कॅप्स लॉक. ते दाबलं की खरोखर खाली अडकून राहतं, पुन्हा दाबलं की वर येतं. तसं स्विच मटायसकडे नाही, म्हणून तिथे जुनं आल्प्सच ठेवलंय. बोट फिरवलं की न बघताही कळतं, लॉक चालू आहे की बंद!

मागची तारही जुनीच, गोल तोंडाची, एडीबी पद्धतीची. स्टीव्ह वॉझ्नियॅकनं रचलेली ही जोडणी अ‍ॅपलनं १९८६ साली आणली, आणि १९९८च्या आयमॅकनं तिला रजा दिली. आता मधे बोटभर सर्किट लावलंय, ते एडीबीची भाषा यूएसबीला समजावून सांगतं. लॅपटॉपला जोडलं आणि चालू!

आणि मराठी? मी इनस्क्रिप्टवर टाइप करते. हा आराखडा भारतीय मानकात आला १९९१ साली, म्हणजे हा कीबोर्ड आणि तो एकाच काळातले, पण माझ्या मेजावर पहिल्यांदा भेटले. काना-मात्रा, वेलांट्या, उकार डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. त्यामुळे उजवा-डावा, उजवा-डावा असा तबला-डग्ग्यासारखा ठेका आपोआप धरला जातो. 'महाराष्ट्र' लिहून बघितलं. म, ह, काना, र, काना, शिफ्ट, ष, हलन्त, ट, हलन्त, र: अकरा टक्. रबरी कीबोर्डवर हलन्त नीट दाबला गेला की नाही हे पडद्यावर बघून ठरवावं लागायचं. इथे 'ष्ट्र' जुळताना ऐकू येतं, एकेक तुकडा जागेवर बसताना. जोडाक्षर कानांनी लिहिता येतं, यावर माझा अजून विश्वास बसत नाहीये!

मटायसकडे कमी आवाज करणारी स्विचेसही मिळतात. मित्रानं तीही दाखवली. छान आहेत, मऊ आहेत, रात्री घरात कुणी झोपलेलं असेल तर उपयोगी. मला नकोत. मला हीच हवीत.

त्याच्याकडे अशाच मॉडेलचा आणखी एक कीबोर्ड उघडून ठेवलाय, सगळी स्विचेस खरखरणारी. रविवारी सोल्डरिंग शिकायला त्याच्याकडे जाणार आहे. त्यातलं पहिलं स्विच मी काढणार, हे आधीच सांगून ठेवलंय.