कोशकार म्हणवून घ्यावं का?

कळंबा, कोल्हापूर

चि. ऋतुजा,

मेलबर्नला तुम्ही भावंडांनी मुलांसाठी घरातल्या शब्दांची यादी करायला घेतलीत, झकास केलंत. पण ‘आम्ही स्वतःला कोशकार म्हटलं तर चालेल का?’ या प्रश्नाला नुसतं हो-नाही करून भागणार नाही.

आपल्याकडे कोशाला बहुधा एकाच माणसाचं नाव चिकटतं. शिवरायांच्या आज्ञेने झालेला राज्यव्यवहारकोश रघुनाथपंत हणमंत्यांचा. श्लोक मात्र रचले धुंडिराज व्यासांनी. 1831 सालचा मराठी-इंग्रजी कोश नुसता ‘मोल्सवर्थ’ झाला, मदतीचे कँडी बंधू आणि शास्त्रीमंडळी मागे राहिली. त्याआधी 1829 मध्ये जगन्नाथशास्त्री क्रमवंत, परशुरामपंत गोडबोले वगैरेंनी मराठीचा मराठीतच कोश काढला होता. आज त्यांची नावं किती जणांना ठाऊक आहेत? दाते-कर्व्यांनी 1932 ते 1938 एवढी वर्षं घालून महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग काढले. केतकरांचं तर ‘ज्ञानकोशकार’ हे जणू पहिलं नावच झालं, पण 23 खंड उभे केल्यावर. तेव्हा ही पदवी लोकांनी द्यायची. आपली आपण लावू नये.

मग काय म्हणायचं? माझं ऐकाल तर ‘सरवेकरी’. शेंगा काढून झाल्या की रानात मागे राहिलेल्या वेचतात, तो सरवा. मोठ्या कोशकारांचं पीक घरात गेलं. उरलेलं तुम्ही वेचताय. आणि उरलंय पुष्कळ. परवा एका गुऱ्हाळावर गेलो होतो. गुळव्याचं सगळं लक्ष काहिलीत. मळी वर आली की भेंडीचं पाणी टाकायचा, झाऱ्याने ती काढायचा, मध्येच चुलवाणात चिपाड सारणाऱ्यावर ओरडायचा. काहील, मळी, चिपाड हे शब्द कोशात सापडतील. पण रस ‘आला’ हे तो कशावरून ओळखतो, ते त्याच्याच तोंडून ऐकावं लागतं.

म्हणून नाव कोणतंही घ्या, एक पथ्य पाळा: प्रत्येक शब्दापुढे तो कोणी सांगितला आणि कुठल्या गावचा, हे लिहा. सांगणाऱ्याला आधी विचारून मगच हं. सुरुवात तुझ्या आत्यापासून कर. तिचा फोन दुपारी मोकळा असतो.

तुझा,
काका