ऐकणारीची भूमिका

नाटकातल्या माणसांच्या मुलाखती हा माझा जुना छंद. एके काळी रविवारच्या पुरवण्यांतली कात्रणं वहीत चिकटवून ठेवायचे, आता नातीने शिकवल्याप्रमाणे फोनवर बघते. नवीन नाटक यायचं असलं की सगळे कलाकार ओळीने खुर्च्यांवर बसतात आणि प्रश्न ठरलेले असतात. तुम्ही या क्षेत्रात कशा आलात? ही भूमिका का स्वीकारली? उत्तरंही बरीचशी ठरलेलीच. पण मला मजा वाटते ती क्रियापदांची (मराठीच्या बाईंची खोड, जायची नाही आता). भूमिका कुणाला 'मिळते', कुणाच्या 'वाट्याला येते', कुणी ती 'उभी करतं', कुणी 'पेलतं', कुणी तर ती 'जगतं'! आणि आपल्या भाषेची आणखी एक गंमत बघा. नट भूमिका 'करतो' आणि शहाणी माणसं भूमिका 'घेतात'. शब्द एकच. एक रंगमंचावरची, दुसरी घरातली किंवा चव्हाट्यावरची.

हे सगळं डोक्यात घोळायला लागलं ते 'चारचौघी' नाटकामुळे. प्रशांत दळवींनी लिहिलेलं आणि चंद्रकांत कुलकर्णींनी बसवलेलं हे नाटक १९९१ साली आलं आणि गाजलं. सप्टेंबर २०२२ मध्ये तेच लेखक, तेच दिग्दर्शक आणि नव्या चौघी असं ते पुन्हा रंगभूमीवर आलं. मी दोन्ही पाहिली. मधे एकतीस वर्षं!

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एक आई आणि तिच्या तीन मुली. आईचं लग्न झालेलं नाही. आधीच संसार असलेल्या माणसापासून तिला या मुली झाल्या आणि त्या तिने ताठ मानेने वाढवल्या. थोरली विद्या प्राध्यापिका. नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी कुणी आली म्हणून ती माहेरी परत येते. मधली वैजू, तिचा नवरा कर्तृत्वाने यथातथाच. आणि धाकटी विनी? तिचं दोन मुलांवर प्रेम आहे आणि तिला दोघांबरोबर राहायचंय!

१९९१ साली आम्ही ते बालगंधर्वला पाहिलं. मी, हे आणि माझी जाऊ. मुलगी तेव्हा चौदा वर्षांची, तिला आजीपाशी ठेवून गेलो होतो, कारण हे नाटक 'मोठ्यांचं' आहे असं ऐकलं होतं. दीपा श्रीराम आई होत्या, वंदना गुप्ते विद्या, आसावरी जोशी वैजू आणि प्रतीक्षा लोणकर विनी. मध्यंतरात बटाटेवडा खाताना जावेशी जो वाद झाला तो घरी पोचेपर्यंत पुरला. मी चाळिशीची होते, नोकरी करत होते. अर्थातच विद्येच्या बाजूने! वंदनाबाईंच्या त्या फोनच्या प्रवेशाला तळहात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या होत्या.

तो प्रवेश असा. विद्या नवऱ्याशी फोनवर बोलते. बराच वेळ बोलते. पलीकडचा माणूस आपल्याला दिसत नाही, त्याचा आवाज येत नाही. नटीला काय करावं लागतं बघा. स्वतःची वाक्यं तर पाठ हवीतच, पण न लिहिलेली, न ऐकू येणारी त्याचीही वाक्यं मनात म्हणावी लागतात. किती वेळ थांबायचं, तो मधेच तोडतो तेव्हा कुठे अडखळायचं, हे त्यावरून ठरतं. ते चुकलं की नुसतं भाषण होतं. ते जमलं की प्रेक्षक आपोआप पलीकडचं बोलणं रचायला लागतो.

२०२२ साली ही विद्या मुक्ता बर्वेच्या वाट्याला आली. पहिलं नाटक आलं तेव्हा ही मुलगी शाळेत होती, आपल्या चिंचवडला. पुढे पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात रीतसर शिकली, 'फायनल ड्राफ्ट'मध्ये दोनच पात्रांत नाटक तोलून धरलं, 'छापा काटा'मध्ये रीमाबाईंच्या समोर मुलगी म्हणून उभी राहिली. एवढी तयारी असूनही माझ्यासारख्या बायका कानात वंदनाबाईंचा आवाज घेऊन पहिल्या रांगेत बसणार! शाळेत एखाद्या बाई रजेवर गेल्या की आम्हाला बदली तासाला पाठवत. वर्गात पाऊल टाकलं की चेहऱ्यांवर लिहिलेलं असायचं, 'आमच्या बाई असं शिकवत नाहीत.' अशा वेळी आधीच्या बाईंची नक्कल केली तर मुलं हसतात आणि मुद्दाम उलटं केलं तर धडा बिघडतो. धडा नीट वाचायचा, आपल्या आवाजात, एवढंच हातात असतं. मुक्ताने तेच केलं. पाच मिनिटांत मी जुना आवाज विसरले.

पण हे लिहायला बसले ते मुक्तासाठी नाही. रोहिणी हट्टंगडींसाठी.

आईची भूमिका त्यांची होती. माझ्याच वयाच्या त्या, आणि पुण्याच्याच, माहेरच्या ओक. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात अल्काझींच्या हाताखाली शिकल्या. १९८२ च्या 'गांधी' चित्रपटात कस्तुरबा झाल्या तेव्हा जेमतेम तिशीच्या होत्या आणि त्या वयात त्यांनी कस्तुरबांचं म्हातारपणही केलं. त्यासाठी त्यांना बाफ्टा पारितोषिक मिळालं. १९८४ च्या 'सारांश'मध्ये मुलगा गमावलेली वृद्ध पार्वती. १९९० च्या 'अग्निपथ'मध्ये अमिताभची आई, प्रत्यक्षात त्याच्यापेक्षा लहान असून! आणि आमच्या नात्यातल्या बायका त्यांना ओळखतात ते 'चार दिवस सासूचे'मुळे. म्हणजे या बाई तरुणपणापासून म्हातारपणाच्या तालमीच करत होत्या म्हणा ना. आता खरं वय आलं तर काय, केसांना पांढरा रंग लावायची गरज उरली नाही.

त्यांची नुसती यादी वाचली तरी एक गोष्ट दिसते. या बऱ्याचशा बायका दुसऱ्या कुणाच्या शेजारी उभ्या आहेत. समोरचा बोलतोय, रागावतोय, कोसळतोय, आणि या ऐकताहेत. 'चारचौघी'तही आईला स्वतःची वाक्यं आहेत, चांगली जोरकस आहेत. पण मी त्या दिवशी बघत बसले ती मुली बोलत असताना ती काय करते ते. विनी आपला तो दोन मुलांचा बेत सांगते तेव्हा प्रेक्षागृहात हशा येतो. मी रोहिणीबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे हसू नव्हतं, रागही नव्हता. आयुष्यभर लोकांना उत्तरं देत आलेली बाई आपल्याच मुलीपुढे उत्तर शोधत होती. एवढंच, पण मला ते तिसऱ्या रांगेतून दिसलं.

१९९१ साली मला आई दिसलीच नव्हती. म्हणजे दीपाबाई उत्तमच होत्या, दोष त्यांचा नाही. मी विद्येकडे बघत होते.

आता घरचं सांगते. नातेवाईक मंडळी हे वाचतात हे मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच लिहिते. फोन करू नका, खाली प्रतिक्रिया लिहा. :-)

२०११ साली माझी मुलगी सहा वर्षांच्या लेकीला घेऊन आमच्याकडे राहायला आली. कारण तिचं, ते ती सांगेल तेव्हा सांगेल. पहिले काही आठवडे रोज संध्याकाळी तिला फोन यायचा. ती गॅलरीत जायची, दार लोटून घ्यायची. दार नीट लागायचं नाही आमचं. मी स्वयंपाकघरात कणीक मळत असायचे आणि मला तिचीच बाजू ऐकू यायची. "नाही." मग बराच वेळ काही नाही. "ते मी म्हटलंच नव्हतं." पुन्हा शांतता. "तिला मधे आणू नकोस." पलीकडचं मी रचत बसायचे. नाटकात पलीकडचं रचताना मजा वाटली होती. इथे नात खालच्या मजल्यावर खेळायला गेलेली असायची आणि ती वर यायच्या आत फोन संपावा असं वाटायचं.

त्या काळात मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न कोणता असेल? "तुमची भूमिका काय?" अगदी हेच शब्द. सासरच्या, माहेरच्या सगळ्यांनी विचारला. तू शिक्षिका, तू समजावून सांग. तू आई, तू परत पाठव. एकीने तर उलट सांगितलं, वकिलाकडे घेऊन जा आणि तूच बोल. मी काहीच बोलले नाही. त्यावरून 'हिला काही पडलेलं नाही' असंही म्हटलं गेलं, ते माझ्यापर्यंत आलं. हे मात्र म्हणाले होते, "ती आपल्याकडे आली आहे, सल्ला मागायला नाही, राहायला आली आहे." मी रोज फोन संपला की चहा टाकायचे, दोन कप. ती बसायची. कधी बोलायची, कधी नाही. बोलली तर मी ऐकायचे. आठ महिन्यांनी तिने आपणहून सांगितलं की ठरलं. मी विचारलं, "नातीच्या शाळेचं काय करायचं?" आणि आम्ही त्या कामाला लागलो.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही घडतच नाही, टाळी पडेल असं एक वाक्य नाही!

२०२२ च्या प्रयोगाची तिकिटं मुलीनेच काढली. तीन. मी, ती आणि नात. आता आम्ही सूसला राहतो. २०२१ साली गाव महापालिकेत गेलं खरं, पण नाटक बघायचं तर अजून बाहेरच जावं लागतं. प्रयोग कोथरूडला यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात होता. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबरला पाडलेला आणि नव्याचं काम चालू, म्हणून दोन तास आधी निघालो आणि तिसऱ्या घंटेला धापा टाकत खुर्चीत बसलो. फोनचा प्रवेश सुरू झाला तेव्हा मी मुक्तापेक्षा शेजारच्या खुर्चीचाच कानोसा घेत होते. लेक समोर बघत होती, हात मांडीवर. टाळ्यांचा कडकडाट झाला तेव्हा तिने टाळी वाजवली नाही. मीही नाही. नातीने दोघींच्या वाटची वाजवली. तिला अर्थातच विनी आवडली, पर्ण पेठेची. तिसऱ्या पिढीने धाकटीची बाजू घ्यायची हे ओघानेच आलं.

परतताना गाडीत मुलगी म्हणाली, "आई, तुला सगळं ऐकू यायचं ना तेव्हा?"

मी म्हटलं, "अर्धं."

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "म्हणून मी दार लावून घ्यायचे नाही पूर्ण."

आणि मी अकरा वर्षं समजत होते की आमचं दार बिघडलेलं आहे!

नंतर, २०२३ साली, 'बाईपण भारी देवा' चित्रपट आला. त्यात जुन्या विद्या वंदना गुप्ते आणि नव्या आई रोहिणी हट्टंगडी सख्ख्या बहिणी झाल्या आहेत. नाटकवाल्यांचं हे बरं असतं. एकीकडे जिची मुलगी शोभावी अशी भूमिका, दुसरीकडे तिचीच धाकटी बहीण. घरातही आपण असेच जागा बदलत असतो, फक्त तालमीला वेळ मिळत नाही आणि प्रयोग तेवढा रोज लागतो.

असो. ताजी बातमी अशी की नातीची कॉलेजच्या एकांकिकेत निवड झाली आहे. पुरुषोत्तम करंडकाची स्वप्नं चालू आहेत, भरत नाट्य मंदिराशिवाय दुसरा विषय नाही घरात. बाईसाहेब मात्र रुसल्या आहेत, कारण वाक्यं मिळाली चार. "आजी, पाऊण तास स्टेजवर आहे मी, आणि चार वाक्यं! बाकीचा वेळ काय करू?"

मी तिला तिची संहिता आणायला सांगितली. लाल पेनाने तिच्या चार वाक्यांना हात लावला नाही. बाकीच्यांच्या प्रत्येक वाक्याखाली रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'इथे तू काय ऐकलंस?' चौदा पानं झाली. ती म्हणाली, हा गृहपाठ आहे. मी म्हटलं, हो, आहे.

तालीम संपवून ती रात्री उशिरा घरी येते. काल तिसऱ्या पानापर्यंतची उत्तरं लिहून झाली होती. त्यातली दोन मला पटली नाहीत, पण मी काही बोललेले नाही. प्रयोग झाला की कळवतेच.