नवं जुनं करताना

गॅदरिंग जवळ आलं की आमच्या घरात शिलाई मशीन रात्री अकरापर्यंत चालू असतं. सकाळी चार तास शाळेत मराठी शिकवायचं, दुपारी घरचं बघायचं, आणि जानेवारीत हे वाढीव काम! मावळे, वासुदेव, गाडगेबाबा हे दर वर्षीचे ठरलेले. यंदा मात्र आठवीच्या पोरांनी माझ्या डोक्याला ताप दिला. २०२२ मध्ये आलेला ‘झोंबिवली’ सिनेमा त्यांनी मोबाइलवर पाहिलेला. “बाई, आम्ही झोंबी होणार!”

मला आधी हसूच आलं. आपल्या मराठीत झोंबी म्हणजे कुस्ती, झटापट. माझ्या कपाटात आनंद यादवांची ‘झोंबी’ आहे. १९८७ साली आलेल्या या पुस्तकाला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शाळा शिकायला मिळावी म्हणून एका गरीब शेतकऱ्याच्या पोरानं केलेली ती झोंबी. या पोरांचा झोंबी निराळा. मेलेला माणूस उठून चालायला लागतो, आणि त्याच्या अंगावर लक्तरं असतात. म्हटलं, बरं, बसवू या नाटुकलं. “उद्या येताना घरातला एकेक जुना, फाटका शर्ट घेऊन या.”

इथेच मी चुकले, मैत्रिणींनो.

दुसऱ्या दिवशी पोरांनी आणलेले शर्ट चांगले धडके होते. एक मुलगा मात्र रिकाम्या हातानं आला. त्याचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले. आमच्या केज-धारूर भागात यात नवल काही नाही. कोयता घेऊन माणसं निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. काही लेकरं बरोबर जातात, काही आजीपाशी राहतात. हा आजीपाशी राहिलेला.

“तू काय आणलंस रे?” मी विचारलं.

मागून कुणीतरी म्हणालं, “बाई, त्यानं अंगातच घातलाय की!”

त्याच्या गणवेशाच्या शर्टाला खांद्यावर ठिगळ होतं. वर्ग हसला. मी रागावले खरी. पण त्याआधी क्षणभर माझ्याही ओठांवर हसू आलं होतं, आणि ते त्यानं पाहिलं. पुढचे दोन दिवस तो शाळेत आला नाही.

त्या दोन रात्री मी कात्री घेऊन शर्ट फाडत बसले. “फाटकं शिवताना पाहिलंय तुला, धडकं फाडताना पहिल्यांदाच बघतोय,” असं म्हणून हे झोपायला गेले. पण काही केल्या ते शर्ट जुने दिसेनात. नवे शर्ट कुणीतरी रागानं कापलेत, असंच वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर पिशवी तशीच खांद्याला अडकवून मी त्याच्या घरी गेले. “पोट दुखतंय म्हनतंय लेकरू,” आजी म्हणाल्या. वाटेत जुळवलेलं एकही वाक्य मला आठवेना. त्यांनी पिशवीतला एक शर्ट ओढून पाहिला.

“हे काय ओ बाई, उंदरानं खाल्लं का?”

मी सगळा प्रकार सांगितला. त्या खूप हसल्या. “आवो, कापड आसं मधीच फाटत नसतंय. आधी गळपट्टी जाती, मग खांदा, मग कोपर. उन्हानं पाठ इटती, काखंखालचा रंग हाय तसाच राहतो. आन् उसाच्या पाल्याला धार आसती. आमच्या सुनंची बाही बघा, मनगटापाशी नुसत्या दशा.” ऊस तोडणाऱ्या बायका लुगड्यावर पुरुषी शर्ट का घालतात, ते मला ठाऊक होतं. तो शर्ट कुठे विरतो, ते मात्र मी कधी पाहिलं नव्हतं.

दारामागून आवाज आला, “आन् खिसा उसवला तर त्याच्याखाली नवा रंग निघतो, बाई.”

मी त्याला म्हटलं, “परवा मी हसले. चुकलं माझं.” आजी आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिल्या. तो काही बोलला नाही. पिशवी मात्र उचलून आत घेऊन गेला.

पुढचे चार दिवस वेशभूषेचा कारभार त्याच्याकडे होता. तुमच्या मुलांना कधी असं सोंग लागलं, तर आमची रीत सांगते. शर्ट सुती घ्या. टेरिकॉटवर चहाचा रंग नीट चढत नाही. चहाचा चोथा भरपूर पाण्यात उकळून गाळून घ्या, त्यात शर्ट तासभर बुडवा आणि चुरगाळलेला तसाच उन्हात वाळवा. मग पाटावर ताणून गळपट्टी, खांदे, कोपर इथे पॉलिश पेपर घासा. कापड विरलं की भोक बोटानं पाडा, कात्री लावू नका. काळ्या मातीचा चिखल फासून, वाळला की झटकून टाका. खिसा अगदी शेवटी अर्धा उसवा, म्हणजे खालचा मूळ रंग दिसतो. मेणबत्तीनं कडा जाळायचा मोह मात्र टाळा. सुती कापड पेट घेतं, आणि टेरिकॉट वितळून कातडीला चिकटतं.

शेजारी बसून काम करताना त्याचं खांद्यावरचं ठिगळ मला जवळून दिसलं. चौकडीला चौकडी जुळवलेली, टाके इतके बारीक की बोट फिरवल्याशिवाय कळू नयेत. “आईनं जायच्या आधी घातलं,” तो म्हणाला. मला मशीनवरसुद्धा असं ठिगळ जमत नाही. ते मी त्याला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी वर्गालाही सांगितलं.

गॅदरिंगला झोंबींनी टाळ्या घेतल्या. ‘वेशभूषा’ म्हणून त्याचं नाव पुकारलं, तेव्हा तो काही स्टेजवर आला नाही. सुईदोरा घेऊन पडद्यामागेच उभा राहिला.

आठवड्यानं त्यानं विचारलं, “बाई, त्या शर्टांचं काय करायचं? आजी मागतीय.” ज्यांचे शर्ट होते त्या पोरांना विचारून मी सगळे देऊन टाकले.

परवा त्याच्या घरावरून जाताना दोरीवर नवी वाकळ वाळत घातलेली दिसली. चहाच्या रंगाचे तुकडे एकाला एक जोडलेले, आणि मधोमध एक गडद चौकोन, खिशाखालचा.