सोनाराने टोचलेले कान

गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही बडोद्याहून सहकुटुंब दीवला गेलो होतो. तेथे समुद्रासमोर 'खुकरी' या युद्धनौकेचे स्मारक आहे. काचेच्या घरात तिची लहानशी प्रतिकृती ठेवलेली आहे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री याच किनाऱ्यापलीकडे 'हँगोर' या पाकिस्तानी पाणबुडीने खुकरी बुडविली आणि कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी व १७६ नौसैनिक सागराच्या स्वाधीन झाले. आम्ही हात जोडून उभे असता आमचे चिरंजीव हळूच म्हणाले, "बाबा, हँगोरला खुकरी ऐकू येत होती, खुकरीला मात्र हँगोर ऐकू आली नाही. फरक सोनारचा."

सोनार म्हटल्यावर आमच्या डोळ्यांपुढे मांडवीतील पेढीवर फुंकणी घेऊन बसलेला सोनारच उभा राहिला, हे कबूल केले पाहिजे. मराठी घेऊन एम. ए. झालेल्या गृहस्थाकडून याहून अधिक अपेक्षा करू नये. ही विद्या कोठून प्राप्त झाली असे विचारता चिरंजीव उत्तरले, "गेममधून." ज्या खेळापायी आम्ही त्यांना वर्षभर बोल लावला, त्यातून विद्या मिळते हे आमच्यातील मुख्याध्यापकास मानवेना. घरी परतल्यावर आम्ही त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो. अर्थात परीक्षक म्हणून.

खेळाचे नाव 'डेंजरस वॉटर्स'. तो २००५ साली निघाला आणि तो रचणारी सोनालिस्ट्स ही अमेरिकन कंपनी त्या देशाच्या नौदलाचीही कामे करते. धडाडणाऱ्या तोफा दिसतील अशी आमची समजूत होती. दिसली ती एक हिरवट पट्टी आणि तीवरून संथपणे खाली उतरणाऱ्या पुसट रेघा. पाणबुडीला खिडकी नसते. तिचे डोळे म्हणजे तिचे कान. ऐकण्याच्या रीती दोन. एक, आपण स्वतः साद घालून प्रतिध्वनीची वाट पाहणे. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर धावतो. म्हणजे १५ किलोमीटरवरील नौकेचा प्रतिध्वनी परतण्यास वीस सेकंद लागतात. परंतु साद घातली की आपला ठावठिकाणाही उघडा पडतो. म्हणून दुसरी रीत, गुपचूप ऐकत राहणे. तीत केवळ दिशा कळते, अंतर नाही. गल्लीत कुकरची शिट्टी वाजली तर ती कोणत्या अंगाने आली हे उमगते, कितव्या घरातून आली हे उमगत नाही, तसेच हे. मग आपण मार्ग बदलायचा, त्या आवाजाची दिशा कशी सरकते ते टिपायचे आणि त्यावरून अंतराचा हिशेब मांडायचा. चिरंजीवांना त्यास पाऊण तास लागला. गणिताच्या गृहपाठापुढे आम्ही त्यांना इतका वेळ स्थिर बसलेले पाहिले नव्हते.

पाण्यातला ध्वनी सरळही जात नाही. उष्णता व दाब वाढला की त्याचा वेग वाढतो आणि तो नेहमी मंद वेगाच्या थराकडे वाकतो. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर प्रकाश वाकून पाण्याचा भास होतो, त्याचेच हे भावंड. १९३७ च्या सुमारास क्यूबातील ग्वांतानामो उपसागराजवळ अमेरिकन नौदलाला एक विचित्र अनुभव आला. सकाळी उत्तम चालणारे सोनार दुपारी निकामी होई. जेवणानंतर यंत्रावरील माणसे सुस्तावतात, असे कित्येकांचे मत पडले. (आम्हीही हेच म्हटले असते, दुपारच्या तासिकांचा आम्हाला अनुभव आहे.) पुढे वुड्स होलच्या शास्त्रज्ञांनी शोध घेतला तेव्हा दोष निघाला उन्हाचा. वरचे काही मीटर पाणी तापे, ध्वनी खाली वाके आणि पुढे जणू सावली पडे. तीत दडलेली पाणबुडी ऐकू येत नसे. बिचारी माणसे नाहक बदनाम झाली होती.

हे सारे त्या खेळात आहे. पाण्याच्या थरांचा आलेख आहे. थराखाली उतरताच पाठलाग करणाऱ्या नौकेचा आवाज खरोखर क्षीण होतो. नौकेवरील वीज ५० आवर्तनांची की ६० आवर्तनांची, हेदेखील तिच्या गुणगुणण्यावरून ओळखता येते. मात्र उणिवाही आहेत. मोहिमेच्या आरंभी ठरलेला पाण्याचा स्वभाव अखेरपर्यंत तोच राहतो. खरा समुद्र प्रहरागणिक बदलतो. कोणती पाणबुडी किती आवाज करते, हे प्रत्येक राष्ट्राचे गुपित. तेथे खेळ रचणाऱ्यांना अंदाजावर भागवावे लागते. शिवाय कंटाळा आला तर घड्याळ पुढे पळविता येते. नौसैनिकाला ती सोय नाही.

"तुम्हीच ऐका ना," म्हणून चिरंजीवांनी हेडफोन आमच्या डोक्यावर चढविला. "याची डावी बाजू बिघडली आहे," आम्ही म्हणालो. त्यांनी तो स्वतःच्या कानांना लावून पाहिला. "नाही बाबा, ठीक आहे." त्यांनी तो उलटा करून दिला. तरीही डावीकडे शांतताच होती.

आम्ही विषय बदलला. अंतराचा हिशेब आम्हीच पुरा केला आणि शत्रू अमुक जागी आहे असे छातीठोकपणे सांगितले. चिरंजीवांनी एक बटण दाबले. त्याचे नावच 'सत्य दाखवा' अशा अर्थाचे. नकाशावर खरी नौका उमटली. आमच्या जागेपासून कितीतरी दूर, भलत्याच अंगाला.

पुढील आठवड्यात कानाच्या डॉक्टरांनी सांगितले, की डावा कान जवळजवळ बंद आहे आणि तो बहुधा बालपणीच्या गालगुंडांपासून तसाच असावा. एका कानाने आवाज कळतो, पण तो कोठून आला हे नीट कळत नाही. हे ऐकताना आमच्या मनात एक वर्ग उभा राहिला. बावीस वर्षांपूर्वी आम्ही फळ्यावर लिहीत असता मागून कोणीतरी मांजराचा आवाज काढला. खिडकीलगतचा तिसरा बाक, अशी आमची बालंबाल खात्री होती. त्या बाकावरील मुलाला आम्ही आठवडाभर वर्गाबाहेर उभे केले. "सर, मी नव्हतो," असे तो रोज म्हणे आणि रोज आम्हाला तो अधिकच कोडगा वाटे. पुढे त्याने शाळा बदलली. तो खरे बोलत होता की नाही, हे आजही आम्हाला ठाऊक नाही. तेथे दाबायला बटण नव्हते.

खेळात सोनार कितपत खरा उतरतो, या प्रश्नाचे आमचे उत्तर आता तयार आहे. ध्वनीचे नियम त्यात बरेचसे खरे आहेत. खोटे आहे ते एवढे बटण. समुद्रावर किंवा वर्गात ते कोणाच्या हाती नसते.

अलीकडे शाळेत तक्रार आली की दिशा कळली एवढ्यावर आम्ही थांबत नाही. जागा बदलतो आणि पुन्हा ऐकतो. शक्य तर उजवा कान पुढे करून. कान सोनारानेच टोचावेत, म्हणजे दुखत नाही, असे म्हणतात. ते तितकेसे खरे नाही.