झोपेची कवायत

आमच्या सॅन अँटोनिओला 'मिलिटरी सिटी' म्हणतात. लष्करी तळ इतके, की हापिसात, दुकानाच्या रांगेत, कुठेही माजी सैनिक भेटतोच. माझ्या शेजारच्या क्युबिकलमध्येही एक बसतो. २००४ साली इराकमध्ये होता. गडी सहा फुटी, आवाज तोफेसारखा, आणि डोळे कायम तांबारलेले.

एकदा जेवताना मी सहज विचारलं, "झोप होत नाही का रे?"

"झोपतो की. पण पहारा देत झोपतो," तो म्हणाला. रात्री तीन-तीनदा उठून दारं-खिडक्या तपासायच्या. तिकडे गाढ झोपणं परवडणारं नव्हतं, ते अंगात मुरलं. घरी येऊन इतकी वर्षं झाली, तरी पहारा काही सुटला नाही.

तुम्हाला वाटेल, अशांना इथे झोपेच्या गोळ्या देत असतील. देतात, वर्षानुवर्षं दिल्या. पण २०१६ साली अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने सांगितलं, की जुनाट निद्रानाशावर आधी 'सीबीटी-आय' नावाची उपचारपद्धत वापरा, गोळीचं नंतर बघू. २०१९ मध्ये इथल्या माजी सैनिकांच्या आणि संरक्षण खात्यानेही तेच धोरण धरलं. नाव भारदस्त, पण प्रकार म्हणजे झोपेची कवायत.

याला थेरपिस्टबाईंनी एक वही दिली. कधी आडवा झालो, किती वेळाने झोप लागली, कितीदा जाग आली, सगळं रोज सकाळी लिहायचं. दोन आठवड्यांनी हिशेब निघाला: बिछान्यात नऊ तास, झोप साडेपाच. भागाकार ६१ टक्के. आम्हा इंजिनियरांच्या भाषेत एफिशियन्सी!

पुढचा उपाय ऐकून मी उडालोच. झोप येत नाही ना, मग बिछान्यातला वेळ कमी करा! रात्री साडेबाराच्या आत पाठ टेकायची नाही, सकाळी सहाला उठायचंच, रविवार असला तरी. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचं, डोळे जड झाले की परत यायचं. बिछान्यात टीव्ही, फोन बंद. बिछाना म्हणजे जागरण, ही मेंदूने मारलेली गाठ सोडवायची. एफिशियन्सी ८५-९० टक्क्यांवर गेली की पंधरा मिनिटं वाढवून मिळतात.

पहिले दोन आठवडे बेकार गेले. मीटिंगमध्ये पेंगायचा, गाडी बायको चालवायची. मग हळूहळू गाडी साडेसहा तासांवर आली. दारं अजून तपासतो, पण एकदाच. वाईट स्वप्नांसाठी निराळा सराव आहे: दिवसा, जागेपणी स्वप्नाचा शेवट बदलून लिहायचा आणि तो रोज मनात घोळवायचा. सगळ्यांनाच तो लागू पडतो असं नाही.

यात मेंदूचा संबंध काय? स्फोटांच्या हादऱ्याने मेंदूला मार बसलेले सैनिक इथे पुष्कळ आहेत. विसराळूपणा, चिडचिड, लक्ष न लागणं ही त्याची लक्षणं, आणि जागरणाचीही तीच. त्यामुळे आधी झोप सुधारल्याशिवाय कशाचं काय ते कळणं अवघड. झोपेत मेंदूतला कचरा वेगाने धुतला जातो, असं रोचेस्टर विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांना २०१३ साली उंदरांमध्ये दिसलं. त्यावर अजून वाद चालू आहेत.

एक मात्र सांगतो. जोरात घोरणं किंवा झोपेत श्वास अडकणं असेल तर आधी त्याची तपासणी करा. फिट येत असतील किंवा बायपोलरचा त्रास असेल तर ही कवायत डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. चालू गोळ्याही मनाने बंद करू नका.

हे लिहिण्याचं कारण म्हणजे साताऱ्याकडचे आमचे काका. १९७१ची लढाई करून आलेले. रात्रभर अंगणात येरझाऱ्या घालायचे, आणि आम्ही म्हणायचो, फौजी माणूस, सवयच आहे. सवय मोडता येते हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्याही घरी असं कुणी असेल, तर एवढं त्यांच्या कानावर घाला, आणि एक कोरी वही आणून द्या.