अण्णांची गाडी, माझं स्टिअरिंग

"अण्णा, जरा वेळ झोपा की. दोन दिवस विमानात जागेच आहात."

"ड्रायव्हर माणूस दुसऱ्याच्या गाडीत झोपत नसतो."

विषय संपला! ख्राइस्टचर्चच्या एअरपोर्टवरून निघून आम्ही मोटरहोम ताब्यात घ्यायला चाललो होतो, आणि आमचे अण्णा टॅक्सीच्या पुढच्या सीटवर ताठ बसून त्या बिचाऱ्या टॅक्सीवाल्याचे ब्रेक मोजत होते.

थोडं बॅकग्राउंड सांगते. अण्णांनी एसटीत ३२ वर्षं गाडी चालवली. सातारा डेपो. पसरणी घाट, कुंभार्ली घाट, मुंबईची रातराणी... सगळं करून झालंय. माझ्या भावाला त्यांनी स्वतः मैदानात नेऊन गाडी शिकवली. मी मागे लागले तर उत्तर ठरलेलं, "तू अभ्यास बघ." मी अभ्यास बघितला, हिंजवडीत नोकरी बघितली आणि मग कोथरूडच्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पैसे भरून क्लच-ब्रेक शिकले. आज माझ्या नावावर गाडी आहे. पण अण्णा पुण्याला आले की मी चालवताना त्यांचा उजवा पाय हवेत ब्रेक दाबत असतो. तुमच्याकडेही असं कुणीतरी असेलच!

त्यामुळे आठ वर्षांच्या साठवलेल्या रजा एकदम काढून मी आई-अण्णांना न्यूझीलंडच्या साउथ आयलंडला न्यायचं ठरवलं, तेव्हा टूर कंपनीची बस नको, मोटरहोम घ्यायची, हे पहिल्याच दिवशी पक्कं केलं. मोटरहोम म्हणजे चाकांवरचं वन रूम किचन. पलंग, गॅस, फ्रिज, बेसिन, टॉयलेट सगळं आत. अण्णांचं लायसन्स कधीच संपलेलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांनी ते रिन्यूच केलं नाही. म्हणजे नऊ दिवस, बाराशे किलोमीटर, ड्रायव्हर एकच. मी!

आणि क्लीनर सीटवर अण्णा. खरं टेन्शन न्यूझीलंडच्या रस्त्यांचं नव्हतंच.

गाडी म्हणजे घर, घर म्हणजे कामं

गाडी बघितली आणि पोटात गोळा आला. सात मीटर लांब, तीन मीटरच्या वर उंच. कंपनीचा मुलगा पाऊण तास सगळं समजावत होता. पिण्याच्या पाण्याची टाकी इथे भरायची, बेसिनचं सांडपाणी इकडे जमा होतं, टॉयलेटची कॅसेट इथून ओढून काढायची, गॅस सिलिंडर गाडी चालू असताना बंद. मी मोबाइलवर शूटिंग करत होते (तुम्हीही करा, संध्याकाळपर्यंत निम्मं विसरायला होतं). अण्णा मात्र गाडीभोवती फिरत होते. चारी टायर हाताने चाचपले, खाली वाकून ऑइल गळतंय का बघितलं, मग मला म्हणाले, "विचार त्याला, स्टेपनी कुठंय?" मी त्या मुलाला सांगितलं की वडिलांनी ३२ वर्षं बस चालवलीय. त्याने स्टेपनी तर दाखवलीच, वर अण्णांशी दोन्ही हातांनी शेकहँड केला. अण्णा खूश. मी नर्व्हस.

आईचं टेन्शन वेगळंच. तिच्या बॅगेत चिवडा, लाडू, मेतकूट, भाजणी. न्यूझीलंडला खाण्याची एकूण एक वस्तू एअरपोर्टवर डिक्लेअर करावी लागते. लपवलीत आणि सापडली तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड. आईने सगळं लिहून दिलं होतं. अधिकाऱ्याने एकेक पुडी पाहिली, एक-दोन काढून घेतल्या, बाकीच्या हसत परत दिल्या. भाजणी वाचली!

निघाल्यावर पहिल्याच राउंडअबाउटला मागून असा काही आवाज आला की मला वाटलं संपलं सगळं. वरच्या कपाटाची खिटी लावायची राहिली होती. ताटं, वाट्या, कुकर सगळं जमिनीवर. अण्णा मागे वळलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "गाडी सोडण्याआधी एक चक्कर मारायची असते. आत एक, बाहेर एक." दुसऱ्या दिवसापासून आईने ते काम आपल्याकडे घेतलं. सगळ्या खिट्या लावून झाल्या की मागून आवाज यायचा, "टिंग टिंग!" घरातच कंडक्टर मिळाला.

निळं म्हणजे किती निळं?

ख्राइस्टचर्चहून टेकापो सव्वादोनशे किलोमीटर. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, लायसन्स इंग्रजीत असलं की आपलंच चालतं. साध्या गाड्यांना हायवेवर ताशी १०० ची मर्यादा, साडेतीन टनांवरच्या गाडीला ९० ची. मी ७० ने चालले होते. आरशात पाहिलं तर मागे गाड्यांची वरात. कुणी हॉर्न वाजवत नव्हतं, पण मलाच कसंतरी व्हायला लागलं. हळू जाणाऱ्यांनी कडेला घेऊन मागच्यांना वाट द्यायची, असा तिथला नियमच आहे. मी घेतलं कडेला. जाणारा प्रत्येक जण हात दाखवून गेला. अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आपण एवढी वर्षं उगाच भांडलो."

टेकापो तलाव दिसला तेव्हा आई एवढंच बोलली, "हा रंग खरा आहे?" खरा आहे. हिमनद्या दगड घासत खाली येतात, त्याचं पिठासारखं बारीक चूर्ण पाण्यात तरंगत राहतं आणि त्यावर ऊन पडलं की दुधात निळी शाई सांडल्यासारखा रंग दिसतो. काठावर १९३५ मधलं एक छोटं दगडी चर्च आहे. आत फोटो काढायला मनाई, त्यामुळे लोक चक्क डोळ्यांनी बघतात. वेदीमागे मोठी काच, काचेत तलाव आणि डोंगर. नोव्हेंबर अखेर होती, सगळीकडे जांभळी-गुलाबी ल्युपिनची फुलं. फोटोत झक्कास दिसतात, पण तिथल्या नद्यांच्या पात्रांत ती तण म्हणून पसरलीत, पक्ष्यांच्या जागा बळकावतायत. म्हणजे तिकडचं घाणेरीचं झुडूपच म्हणा ना.

पहिला मुक्काम हॉलिडे पार्कमध्ये केला. पैसे भरायचे, गाडीची वायर खांबाला जोडायची, बस्स. सकाळी मात्र ते काम समोर आलं, जे मी मनातल्या मनात पुढे ढकलत होते. टॉयलेटची कॅसेट रिकामी करायची! त्यासाठी डम्प स्टेशन म्हणून वेगळी जागा असते. मी हातमोजे घालून नुसतीच उभी. ऑफिसात पंधरा जणांची टीम सांभाळणारी मी, कुणी बघतंय का म्हणून इकडेतिकडे पाहत होते. शेजारी एक आजोबा शिट्टी वाजवत तेच काम करत होते. अण्णा उतरून आले. म्हणाले, "आपलीच घाण आहे, आपणच टाकायची. लाज कसली?" दोन मिनिटांत झालं. कुठल्याही लीडरशिप ट्रेनिंगमध्ये मी एवढं शिकले नव्हते.

हिलरी आणि एसटी

पुकाकी तलावाच्या कडेने जाणारा रस्ता माउंट कुकच्या पायथ्याशी संपतो. पुढे डोंगरच. तिथली माओरी मंडळी त्याला आओराकी म्हणतात. उंची ३७२४ मीटर, न्यूझीलंडमधलं सर्वांत उंच शिखर. गावात एडमंड हिलरींचा पुतळा आहे, नजर त्या शिखराकडे. अण्णा त्याच्यासमोर हात मागे बांधून उभे राहिले. तेनसिंग-हिलरी ही जोडी त्यांना शाळेपासून पाठ. १९५३ मध्ये एव्हरेस्ट, हे आपल्या सगळ्यांनाच माहीत असतं. पण हिलरी इथल्याच डोंगरांत तयार झाले. १९४८ मध्ये या शिखराची दक्षिण धार पहिल्यांदा चढणाऱ्या चौघांत ते होते. पुढे १९८५ ते १९८९ दिल्लीत न्यूझीलंडचे हायकमिशनर होते. मी हे सांगत होते आणि अण्णा एकदम थांबवून म्हणाले, "अठ्ठेचाळीस? एक जून अठ्ठेचाळीसला आपली पहिली एसटी सुटली. नगर-पुणे." दोन्ही घटना एकाच वर्षाच्या! त्यांना झालेला आनंद बघण्यासारखा होता.

रात्री सरकारी कॅम्पसाइटवर राहिलो. वीज नाही, गरम पाण्याची आंघोळ नाही. नऊपर्यंत उजेड होता. आईने भाजणीची थालीपिठं लावली, आणि काळोख झाल्यावर वर कुठेतरी बर्फ कोसळल्याचा गडगडाट ऐकत आम्ही बसलो. आकाश असं की आईला चांदण्यांतून ओळखीचं काही सापडेना. दक्षिण गोलार्ध ना! मृग नक्षत्र सापडलं, तेही उलटं.

घाटातला क्लास

चौथ्या दिवशी लिंडिस पास. ९७१ मीटर. दोन्ही बाजूंना पिवळ्या गवताच्या मऊ टेकड्या, झाड नावाला नाही. चढ मजेत गेला. उताराला लागले आणि पाय ब्रेकवरच राहिला. थोड्या वेळाने करपल्यासारखा वास.

"बाजूला घे," अण्णा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, त्यानेच जास्त भीती वाटली. "ब्रेक गार होऊ दे. ऐक. ज्या गिअरात घाट चढायचा, त्याच गिअरात उतरायचा. गाडीला इंजिनानं धरायचं. ब्रेक लागेल तसा टेकवायचा नि सोडायचा, त्यावर उभं राहायचं नाही."

"अण्णा, ही ऑटोमॅटिक आहे."

"मग तिला विचार, गिअर कसा धरायचा."

विचारलं. म्हणजे मॅन्युअल काढून वाचलं. लिव्हर बाजूला ढकलून खालचा गिअर धरता येत होता. बाकीचा उतार गाडी घोंघावत, शहाण्यासारखी उतरली. एकतीस वर्षांची झाल्यावर अण्णांनी मला गाडी शिकवली. लिंडिस पासच्या कडेला, पंधरा मिनिटं. मी काही बोलले नाही, तेही नाही. मागून आवाज आला, "टिंग टिंग!"

निघण्यापूर्वी एवढं बघाच

आता तुमच्यासाठी कामाच्या गोष्टी. भाड्याच्या आकड्यावर जाऊ नका. अपघात झालाच तर तुमच्या खिशातून किती जाणार, तो आकडा आधी विचारा. तो हजारो डॉलर असू शकतो आणि तेवढी रक्कम कार्डावर अडकून राहते. एका डॉलरला साधारण पन्नास रुपये धरा. डिझेल गाडीला दर किलोमीटरमागे रस्ताकर लागतो, तो गाडी परत देताना जोडला जातो. कच्च्या रस्त्यावर नेली तर विमा बहुधा चालत नाही. आणि रस्त्याच्या कडेला वाटेल तिथे पथारी पसरता येत नाही. 'सेल्फ कन्टेन्ड' सर्टिफिकेट असलेल्या गाडीलाच बऱ्याच ठिकाणी परवानगी असते. २०२३ च्या कायद्याप्रमाणे नवीन सर्टिफिकेटसाठी टॉयलेट गाडीत कायमचं बसवलेलं लागतं. नियम मोडला तर शेकडो डॉलर दंड. आणि हो, वेस्ट कोस्टला पेट्रोल पंप दिसला की टाकी भरा. तिथली चिलटंही जबरदस्त चावतात.

परतीचा घाट

हास्टजवळच्या नदीवर एकाच लेनचा पूल आहे, सातशे मीटरहून लांब. मध्ये थांबायला जागा ठेवल्यात. समोरची गाडी थांबली, दिवा दाखवला, आम्हाला जाऊ दिलं. अण्णांनी खिडकीतून हात केला, डेपोतल्या दोस्ताला करावा तसा.

शेवटचा दिवस आर्थर्स पासचा. पश्चिमेकडून ओटिराची चढण अशी की पसरणी आठवावा. १९९९ मध्ये उघडलेला ४४० मीटरचा व्हायाडक्ट दरीवरून वर चढत जातो. ढग खाली उतरलेले, पाऊस, वायपर फुल स्पीडवर. माझे हात घामेजले होते. अण्णा एक शब्द बोलले नाहीत. वर पोचल्यावर किआ नावाचे हिरवे पोपट गाडीवर येऊन बसले आणि खिडकीचं रबर कुरतडायला लागले. आईने टाळ्या वाजवून हाकलले.

पुढे पोर्टर्स पास. आर्थर्स पासपेक्षा थोडा उंचच. तो उतरला की सपाट मैदान आणि मग ख्राइस्टचर्च. उतार तीव्र आहे. मी खालचा गिअर धरला, ब्रेक टेकवला, सोडला, पुन्हा टेकवला. पहिलं वळण, दुसरं वळण. आता डावीकडून काहीतरी ऐकू येणार म्हणून मी वाट बघत होते. "गिअर" किंवा "हळू" किंवा निदान खाकरणं.

काहीच नाही.

सरळ रस्ता आला तेव्हा क्षणभर बघितलं. अण्णांची मान खिडकीकडे कलली होती, तोंड किंचित उघडं, हात मांडीवर मोकळे. उजवा पायसुद्धा सैल पडला होता.

"झोपले गं," आई मागून हळूच म्हणाली. टिंग टिंग केलं नाही तिने.

मी रेडिओचा आवाज कमी केला आणि पुढचे ऐंशी किलोमीटर एकदाही जोरात ब्रेक मारला नाही.